भाच्याच्या लॅपटॉपवरचा गेलेला सुडो

भाच्याच्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) अचानक सुडो, म्हणजे अॅडमिनच्या हक्कानं कमांड चालवायची सोय, चालेना. नाव म्हणे सुडोअर्स फाइलमध्येच (सुडो कोणाला वापरता येतो ते ठरवणारी फाइल) नाही. “मामा, फॉरमॅट मारू?” म्हटलं, थांब जरा. यूजर कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे ते दाखवणारी ‘ग्रुप्स’ कमांड दिली, तर यादीत डॉकर (कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात प्रोग्रॅम चालवायचं साधन) होता, सुडोचा हक्क देणारा सुडो ग्रुप गायब! डॉकरसाठी नेटवरून उचललेल्या यूजरमॉड (यूजरचे ग्रुप बदलणाऱ्या) कमांडमध्ये कॅपिटल जी होता, त्याआधीचा स्मॉल ए नव्हता. तो ए नसला की जुने जादा ग्रुप जातात आणि नवा तेवढा उरतो.

रीस्टार्ट करून बूट मेनूसाठी एकदाच एस्केप दाबला (दाबत राहिलं तर मेनूऐवजी ग्रब या बूट प्रोग्रॅमचा नुसता प्रॉम्प्ट येतो, जुन्या बायोसवर शिफ्ट धरायचं). अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, रिकव्हरी मोड, रूट (सगळे हक्क असलेला यूजर). तिथे डिस्क फक्त वाचता येते, म्हणून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’. मग ‘यूजरमॉड -एजी सुडो’ आणि पुढे त्याचं यूजरनेम. रीबूट केलं, सुडो हजर.

एडीएम (सिस्टिमचे लॉग वाचायला), एलपीअॅडमिन (प्रिंटर सांभाळायला) हे ग्रुपही उडाले होते, तेही जोडले. डॉकर मात्र काढायला लावला. त्या ग्रुपमधला माणूस कंटेनरमधून अख्खी डिस्क रूट म्हणून उघडू शकतो, तेही पासवर्डशिवाय.