विहिरीत जनावर पडलं तर काय करावं?

मार्च उलटला की बालाघाटच्या माळावरचे पाणवठे आटतात. मग हरणं, कोल्हे, रानडुकरं रात्री शिवारात उतरतात. मागं कुत्री लागली की अंधारात बिनकठड्याची विहीर दिसते कुठं? सकाळी मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला खालून पाण्याची चुबुकचुबुक ऐकू येते.

सगळ्यात आधी स्टार्टर बंद करा, खाली वायर लोंबत असते. मग १९२६ ला फोन लावा, ही वन विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन. गाव, गट नंबर, विहिरीची खोली, पाणी किती, जनावर कोणतं, एवढं सांगा. त्यांची माणसं येईपर्यंत जनावर बुडू द्यायचं नाही, आपलं काम एवढंच.

त्यासाठी बाज लागते. चारही पायांना लांब दोर बांधा, चौघांनी चार बाजूंनी धरा आणि बाज सपाट ठेवत हळूहळू सोडा. जनावराच्या डोक्यावर नाही, बाजूला. पाण्यात वीतभर बुडाली की थांबा. पाण्याच्या वर राहिली तर दमलेल्या जनावराला चढता येत नाही. दोर झाडाला नाहीतर ट्रॅक्टरला बांधून टाका, हातात किती वेळ धरणार?

आमच्या शेजारच्या विहिरीत काळविटाची मादी पडली होती. सिमेंटच्या रिंगवर खूर घासून रक्त आलेलं. बाज बघून आधी बुजली. आम्ही काठावरून मागं सरलो, बोलणं थांबवलं, तेव्हा कुठं तिनं पुढचे पाय वर टाकले. पण पुढं दम निघाला नाही. आम्हीच तिला ओढून वर काढलं, पोरांनी फोटोसाठी धरून ठेवलं आणि ती तिथंच गेली. हरणं धरपकडीच्या धसक्यानंच मरतात. वन विभागाची माणसं हरणाचे डोळे फडक्यानं झाकतात, ते उगाच नाही. तोंडात पाणीही ओतू नका. आणि पाडस कितीही गोजिरं असलं तरी घरी बांधणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

साप, घोरपड, मुंगूस असेल तर एवढा खटाटोप नको. गोणपाट गुंडाळलेला जाड दोर किंवा लिंबाची लांब फांदी काठापासून पाण्यापर्यंत लावा आणि घरी जा. बहुतेकदा रात्रीतून आपापलं वर येतं.

बिबट्या, रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय असेल तर गर्दी लांब हटवा. विहिरीत कोणीच उतरायचं नाही. पडीक विहिरीत तर तळाला विषारी वायू साठलेला असू शकतो, तिथं जनावराआधी माणूस जातो.

जुन्या बारवांना पायऱ्या होत्या, पाण्याला उतरलेलं जनावर चढूनही यायचं. आताच्या सरळसोट रिंगात ती सोय नाही. कठड्याला पैसे नसतील तर बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कमरेएवढं कुंपण घाला. दिवाळीनंतर एकदा हलवून बघा, खालून वाळवीनं खाल्लेलं असतं.