डिजिटल नकाशे वीस वर्षांनीही वाचता यावेत यासाठी

पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्थांकडे आणि ग्रामपंचायतींकडे गावनकाशे, विहिरींच्या नोंदी, बंधाऱ्यांच्या जागा असा पुष्कळ भौगोलिक डेटा साठलेला असतो. त्याच्या फाइली जपणे तुलनेने सोपे आहे. त्यांचा अर्थ जपणे कठीण आहे आणि हयगय नेमकी तिथेच होते.

शेपफाइल हे अशा डेटाचे रूढ स्वरूप; ती एक फाइल नसून एकाच नावाच्या अनेक फाइलींचा संच असतो. त्यातली पीआरजे (.prj) फाइल ईमेल करताना मागे राहिली, तर निर्देशांक कोणत्या संदर्भप्रणालीतले, म्हणजे पृथ्वीवरची जागा आकड्यांत मांडण्याच्या कोणत्या पद्धतीतले आहेत हे कळायला मार्ग राहत नाही. महाराष्ट्रात ही चूक महागात पडते, कारण ७८ अंश पूर्व रेखांशामुळे राज्य यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या) दोन पट्ट्यांत विभागले जाते. पुणे ४३व्या पट्ट्यात येते, तर नागपूर ४४व्या. जुन्या टोपोशीटवरून (छापील स्थलदर्शक नकाशावरून) उतरवलेली माहिती एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिकृतीवर बेतलेली असते. ती डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरते ती संदर्भप्रणाली) समजून ठेवली, तर विहीर दुसऱ्याच्या जमिनीच्या गटात जाऊन बसते. म्हणून संदर्भप्रणाली वेगळ्या साध्या मजकूर फाइलीतही लिहून ठेवावी.

मराठी मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला १० बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ‘गावाचे नाव’ हा मथळा मध्येच तुटतो. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेली गावांची नावे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. ती आताच युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या सर्वमान्य लिपीसंकेतात आणावीत. रूपांतर करताना जोडाक्षरे हमखास बिघडतात आणि वाडी-वस्तीचे खरे नाव तिथल्या जाणकारालाच ओळखता येते. मूळ स्तंभ मात्र पुसू नये.

या अडचणींमुळे दीर्घकाळासाठी जिओपॅकेज हे स्वरूप मला अधिक भरवशाचे वाटते. ओजीसी या भौगोलिक डेटाची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ साली स्वीकारलेले हे खुले मानक एसक्यूलाइट या डेटाबेसवर आधारलेले असून नकाशाचे सारे लेअर (थर) एकाच फाइलीत मावतात. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलीत सहसा डेटा नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. ती एकटी जपून उपयोग नाही. स्कॅन केलेले नकाशे गुणवत्ता न घटवणाऱ्या जिओटिफमध्ये (चित्रासोबत त्याची जागाही साठवणाऱ्या स्वरूपात) ठेवावेत आणि मूळ स्कॅन व नियंत्रणबिंदूंची, म्हणजे स्कॅन जागेवर बसवायला वापरलेल्या ज्ञात ठिकाणांची फाइल सोबत असावी.

मोजणी कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने केली आणि सीमा कोणत्या तारखेच्या आहेत, हेही त्या मजकूर फाइलीतल्या टिपणात लिहावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्याने ‘ठाणे जिल्हा’ एवढी नोंद अपुरी ठरते.

तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा, तिच्यावरून काढलेला संकेतांक) नोंदवून दरवर्षी पडताळावा. त्याच वेळी, या कामात नसलेल्या सहकाऱ्याला केवळ टिपणाच्या आधारे नकाशा उघडायला सांगावे आणि तो जिथे अडेल तेवढी माहिती टिपणात भरावी.