फ्लॅटमध्ये कुत्र्यासाठी ग्रास पॉटी घेताय? गवताच्या आधी खालचा ट्रे बघा

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. आमची कुत्री बुंदी घरी आली तेव्हा २ महिन्यांची होती आणि बाहेर जुलैचा धो धो पाऊस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लसी पूर्ण होईपर्यंत तिला खाली जमिनीवर सोडायचं नाही, पार्वोची (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) भीती असते. पिल्लांची लस साधारण ६ ते ८ आठवड्यांची झाली की सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी पुढचा डोस देत १६ आठवड्यांपर्यंत चालते, म्हणजे तोपर्यंत शू-शी सगळं घरातच. तेव्हा मी घाईघाईने हार्डवेअरच्या दुकानातून आर्टिफिशियल गवताचा एक तुकडा कापून आणला आणि तसाच बाल्कनीत अंथरला.

तिसऱ्या दिवशी कोपरा उचलून पाहिला तर खाली पिवळट चिकट पाणी साचलेलं, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. वरून गवत अगदी कोरडं, हिरवंगार दिसत होतं बरं का. त्यातून मी वरून बादलीभर पाणी ओतलं आणि ते कठड्यावरून ओघळून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. त्यांची माफी मागून आले आणि त्या दिवसापासून कोणीही विचारलं की मी एकच सांगते, गवत कुठलं हे नंतर बघा, आधी शू खाली कुठे जाणार आणि तुम्ही ते धुणार कुठे हे ठरवा.

तयार ग्रास पॉटीत तीन भाग असतात, वर गवताची मॅट, मध्ये जाळी आणि सगळ्यात खाली ट्रे. मधली जाळी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे मॅट साचलेल्या शूपासून वर राहते आणि पाय ओले होत नाहीत. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण २० ते ४० मिली शू करतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याची दिवसाला २०० ते ४०० मिली झाली, आणि लॅब्रॅडॉर असेल तर लिटरच्या आसपास. उथळ ट्रे असेल तर उचलताना सगळं अंगावर येतं. कडा उंच हव्यात आणि एका माणसाला न सांडता बाथरूमपर्यंत नेता आला पाहिजे. मॅट घेताना उलटी करून भोकं बघा, जमलं तर दुकानातच ग्लासभर पाणी ओतून बघा, झटकन खाली गेलं तर घ्या, वरच थबकलं तर राहू द्या. गवत फार उंच आणि दाट नको, दिसायला छान असतं पण मुळाशी शी अडकली की ब्रशने घासूनही निघत नाही.

साइज म्हणाल तर कुत्रा चारही पाय ठेवून आत गोल फिरू शकला पाहिजे, कारण शी करायच्या आधी ते वास घेत गोल फिरतातच, जागा कमी पडली की पुढचे पाय मॅटवर आणि शू लादीवर. पिल्लू असेल तर मोठं झाल्यावर केवढं होईल तो अंदाज धरूनच घ्या. नर कुत्रा पाय वर करत असेल तर मध्ये एखादी पाणी भरलेली जड बाटली उभी करा, तो तिच्यावर करतो, भिंत वाचते.

खरं गवत हवं असेल तर नर्सरीत लॉनचा तुकडा मातीसकट मिळतो. कुत्र्यांना ते लगेच कळतं, शिकवायला सोपं जातं, हे मान्यच. पण शूमधल्या नायट्रोजनने ते पिवळं पडून जळतं, सारखं बदलावं लागतं, माती ओली राहते आणि गोचिडांवर लक्ष ठेवावं लागतं. घेताना कीटकनाशक मारलंय का ते विचारायला विसरू नका, पिल्लं गवत खातात. रोज बदलणं झेपत असेल तर पी पॅडही (शू शोषून घेणारे, वापरून फेकायचे पॅड) चालतात, पण फाडणारं पिल्लू असेल तर नकोच. आर्टिफिशियल गवताचे धागे उपटून गिळणारं पिल्लू असेल तरी लक्ष ठेवा, पोटात अडकले तर ऑपरेशनपर्यंत जातं.

जागा कुठली? आमच्याकडे शेवटी ड्राय बाल्कनी जमली, तिथे नळ आणि पाणी जायची जाळी दोन्ही आहेत. जेवणाच्या भांड्यापासून लांब ठेवा, आणि पश्चिमेच्या उन्हात नको, मे महिन्यात दुपारी प्लास्टिकचं गवत इतकं तापतं की पंजे भाजतात. आधी हात ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही.

शिकवायचं असं, झोपून उठलं की, खेळून झालं की आणि जेवल्यावर १०-१५ मिनिटांत उचलून मॅटवर ठेवायचं, "शू कर" एवढा एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, आणि झाली की तिथल्या तिथे खाऊ. पहिल्या दिवशी पिल्लाच्या शूने ओलं झालेलं फडकं मॅटवर चोळा, वासावरून जागा कळते. चुकून हॉलमध्ये केली तर ओरडू नका, नाक घासू नका. त्याने ते फक्त घाबरतं आणि मग सोफ्यामागे लपून करायला लागतं.

धुण्याचं सांगते. शी लगेच उचलायची, ट्रे रोज रिकामा करून धुवायचा, मॅटवर रोज पाणी मारायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळापासून घालवणारं द्रव). साध्या साबणाने शूचे अंश पूर्ण निघत नाहीत, म्हणूनच पावसाळी दमट हवेत जुना वास परत उठतो. फिनाइल नको, कुत्रे पंजे चाटतात. ब्लीच तर अजिबातच नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. पावसाळ्यात मॅट लवकर वाळत नाही म्हणून दोन ठेवा, एक वापरात, एक पंख्याखाली. आणि लसी झाल्या तरी पावसात साचलेल्या पाण्यातून फिरवू नका, उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, त्याची लस डॉक्टरांना आवर्जून विचारा.

शेवटचं एक, रोज मॅटवर करणारा कुत्रा अचानक भलतीकडे करायला लागला, थेंब थेंब करतोय, शूचा रंग लालसर दिसतोय, तर ट्रेनिंग बिघडलं असं समजून रागवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जोर करूनही शू होतच नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीचा जो दवाखाना उघडा असेल तो गाठा.