कांदा, माडी आणि दही: दोन प्रकारच्या पेशी कशा पाहाव्यात आणि विषाणू का दिसत नाही

आदिकेंद्रकी पेशी (डीएनए पटलाशिवाय मोकळा, जसे जीवाणू), दृश्यकेंद्रकी पेशी (डीएनए पटलात गुंडाळलेल्या केंद्रकात, जशी कांद्याची) आणि विषाणू यांचा तक्ता पाठ केला की परीक्षेपुरतं भागतं, पण आकारातला फरक डोक्यात बसत नाही. तो बसवायला शाळेतला सूक्ष्मदर्शक, एक कांदा, चमचाभर माडी (माडाचा आंबलेला रस) आणि थोडं दही पुरे.

१. आधी माप. ४ पटीच्या लेन्सखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि दिसणारा गोल किती मिलिमीटरचा आहे ते मोजा. बहुधा साडेचारच्या आसपास भरेल. ४० पटीच्या लेन्सला त्याचा दहावा भाग धरा, म्हणजे सुमारे ४५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही पायरी गाळली की वहीत कांद्याची पेशी आणि जीवाणू एकाच आकाराचे उमटतात.

२. कांदा. जाड पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सोला. काचेवर पाण्याच्या थेंबात सपाट पसरा, आयोडीनचा एक थेंब टाका आणि कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच टेकवा. सरळ आपटली तर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे ते गोल म्हणजे पेशी नव्हेत. खऱ्या पेशी लांबट, विटांसारख्या एकमेकींना चिकटून असतात. एकेक २०० ते ४०० मायक्रॉनची, आणि प्रत्येकीत पिवळसर केंद्रक.

३. माडी. खरी गंमत इथे आहे, कारण दोन्ही प्रकार एकाच थेंबात सापडतात. उतरवून काही तास झालेली, फसफसणारी माडी घ्या. रंग नको. फक्त सूक्ष्मदर्शकाचा पडदा बराच मिटा, नाहीतर उजेडात सगळं विरून जातं. ५ ते ८ मायक्रॉनचे अंडाकृती दाणे म्हणजे यीस्ट, दृश्यकेंद्रकी. काहींना बाजूला कोंब फुटलेला दिसेल. त्यांच्या मधल्या जागेत बारीक कांड्या आणि ठिपके थरथरतात, ते जीवाणू, आदिकेंद्रकी. नुसती थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होते. एखादी कांडी सरळ पोहत गोल ओलांडून गेली तरच ती स्वतः हलते म्हणा.

माडीऐवजी आंबोळीचं पीठ घेतलं तर सावध राहा. तांदळाच्या पिठूळ कणांचा आकारही यीस्टएवढाच असतो. आयोडीन टाका: पीठ निळंकाळं होतं, यीस्ट पिवळट तपकिरी राहतं.

४. दही. घट्ट दही नको, वरची निवळ घ्या. गुठळ्या आणि स्निग्धाचे गोळे रंग धरून किंवा चमकून फसवतात. काडीच्या टोकाएवढी निवळ पाण्याच्या थेंबात मिसळून पातळ पसरा, आपोआप सुकू द्या, मग काच ज्योतीवरून २-३ वेळा झर्रकन फिरवा. जास्त तापली तर पेशी आक्रसतात, न तापवता धुतली तर सगळं नळाखाली वाहून जातं. मिथिलीन ब्लू एक मिनिट ठेवा, हलक्या धारेने धुवा. १०० पटीची तेलातली लेन्स असेल तर कांड्या आणि मण्यांच्या माळा स्पष्ट दिसतात. ४० पटीला नुसत्या निळ्या रेघोट्या.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळा. केंद्रक दिसलं नाही म्हणून पेशी आदिकेंद्रकी ठरत नाही. साध्या थेंबात यीस्टचंही केंद्रक दिसत नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींत तर ते नसतंच. जीवाणूत डीएनए पटलाशिवाय मोकळा असतो, तंतुकणिका (ऊर्जा बनवणारे भाग) नसतात आणि रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, लहान (७०एस; एस हे त्यांच्या आकाराचा अंदाज देणारं एकक) असतात. आपल्या पेशीद्रव्यातले ८०एस. पेशीपटल, रायबोझोम, जनुकांची भाषा मात्र दोघांकडे आहे.

५. विषाणू. तो शोधू नका. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रॉन, तर माकडतापाचा (गोचिडीतून पसरणाऱ्या तापाचा) विषाणू सुमारे ०.०५. एक मायक्रॉनला एक मीटर धरा: कांद्याची पेशी ३०० मीटर लांबीची जेटी, यीस्ट सहा मीटरची होडी, दह्यातली कांडी दोन-तीन मीटरची वल्ही, विषाणू रातांब्याहून (कोकमाच्या फळाहून) जरा मोठा. त्याला रायबोझोम नाही, ऊर्जा बनवायची सोय नाही. डीएनए किंवा आरएनए, भोवती प्रथिनाचं कवच, काहींना यजमान पेशीच्या पटलातून घेतलेलं आवरण, बस्स.

पावसाळ्यात आणि नंतर कोकणात येणारे ताप या तीन घरांतले आहेत. मलेरियाचा परजीवी दृश्यकेंद्रकी, म्हणून रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडवर दिसतो. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जीवाणू आदिकेंद्रकी, पण जाडीला जेमतेम ०.१ मायक्रॉन, त्यामुळे साध्या प्रकाशात तोही हुलकावणी देतो. त्याला काळ्या पार्श्वभूमीचा खास सूक्ष्मदर्शक लागतो. डॉक्टर लेप्टोला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, ते जीवाणूच्या रायबोझोमला जाऊन चिकटतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६पासून आढळणाऱ्या माकडतापात किंवा डेंग्यूत ते विषाणूचं काही करत नाही: चिकटायला त्याच्याकडे रायबोझोमच नाही.