सिटकॉम दिग्दर्शक व्हायचंय? मग बुधवारपासून सावध राहा

आधी कडू गोळी घ्या. सिटकॉमच्या, म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेच्या सेटवर दिग्दर्शकाचं म्हणणं अखेरचं नसतं, ते लेखकांचं असतं. पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग करणारा दिग्दर्शक मालिकेचा बाज ठरवतो, त्यानंतर येणारे बरेचसे पाहुणे असतात. हे पचणार नसेल तर सरळ सिनेमाकडे वळा, राग मानू नका.

चार कॅमेरे, समोर प्रेक्षक, हे तुम्हाला माहीत असेलच. आठवडाही साधारण ठरलेला: सोमवारी संहितेचं वाचन, मग तालमी, लेखकांपुढे रन-थ्रू (सलग तालीम), गुरुवारी कॅमेरा ब्लॉकिंग (कुठला कॅमेरा कुठे, हे ठरवणं), शुक्रवारी चित्रीकरण. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता हातात जेमतेम २२ मिनिटं. नवखे घाबरतात कॅमेऱ्यांना. उगाच. कॅमेऱ्यांवर हात बसतो. माती होते ती बुधवारी.

समजा, नवरा फ्रीज उघडून विचारतो, "केक कुठे गेला?" मागे उभी बायको गाल फुगवून नुसती मान हलवते. सोमवारी सगळी खोली हसते. मंगळवारी अर्धी. बुधवारी कोणीच नाही, लाइटवाला तर चक्क जांभई देतो. मग आपण 'सुधारणा' करू लागतो. बायकोला ठसका लागू दे. नवरा गर्रकन वळू दे. हातातली ताटली पडू दे! शुक्रवारी प्रेक्षक ताटलीकडे बघतात, कॅमेराही ताटलीमागे धावतो आणि ते फुगलेले गाल कोणाला दिसतच नाहीत. मूळ विनोदात काही बिघडलेलंच नव्हतं. युनिटला तो पाठ झाला होता, एवढंच. प्रेक्षक तो पहिल्यांदाच बघणार असतात, हे बुधवारी कोणाच्या लक्षात राहत नाही. अजूनही माझ्या पोटात दर बुधवारी गोळा येतो.

म्हणून वाचनाच्या वेळीच संहितेवर पेन्सिलीने खुणा करा: हशा कुठे आला, किती मोठा आला, कोण हसलं. लेखकांचं हसणं निम्मंच धरा, ते स्वतःच्या ओळींवर हसतात. खूण केलेल्या जागेला नंतर हात लावू नका, कोणी कितीही जांभया देवोत. सोमवारीच पडलेली ओळ मात्र लेखकांकडे परत पाठवा, तिला ताटल्या-ठसक्यांची ठिगळं लावत बसू नका.

मोबाईलवर दोन स्किट गाजली म्हणून कोणी सिटकॉम हातात देत नाही. त्यापेक्षा नाटक करा. अमेरिकी सिटकॉमचे नामवंत दिग्दर्शक जेम्स बरोज रंगभूमीवरूनच आले. १९७४मध्ये 'द मेरी टायलर मूर शो' या सिटकॉमचा भाग करून त्यांनी टीव्हीत पाऊल टाकलं, पुढे हजारावर भाग केले. चित्रीकरण चालू असताना मॉनिटरला डोळे लावण्याऐवजी फेऱ्या मारत संवाद ऐकणारा दिग्दर्शक म्हणून ते ओळखले जातात. कान असा तयार व्हायला नाटकासारखी शाळा नाही, माझं तरी हेच मत.

गुरूंबद्दलही स्पष्टच बोलते. किस्से सांगणारे ढिगाने भेटतील. एडिटला शेजारी बसवून 'इथे मी का कापलं' हे दाखवणारा एखादाच भेटतो, त्याला सोडू नका. भले चहा आणायला लागो.

आणि पहिला भाग मिळाला की हातपाय गाळू नका. नटांना त्यांची पात्रं तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. सोमवारी वाचन संपलं की त्यांच्याशी बोला, कुठली ओळ तोंडात बसत नाही ते विचारा. तालमीला उभे राहण्याआधीच निम्मी कामं मार्गी लागतात.