जुन्या रायफलीचा सुटा भाग कसा शोधावा

आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तशी आमची आजोबांपासूनची .३१५ रायफलही केली. निकालानंतर परत आणली, ओट्यावर बसून कव्हर उघडलं, तर मॅगझिन गायब. पावती काढून पाहिली. तिच्यावर एवढंच: ‘रायफल १ नग’. भांडायला कागदच नव्हता. काडतुसं भरायच्या त्या पत्र्याच्या डबीपायी मी सात महिने हिंडलो. ज्याला विचारावं तो म्हणे, “हाई आते कोठे भेटी, भाऊ?”

भेटते. पण शोधाची सुरुवात दुकानातून नाही, घरातल्या कागदांतून होते.

आधी परवाना पाहा. चालू आहे का, त्यावर युनिक आयडी क्रमांक आहे का, आणि रायफलीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का. नंदुरबारकरांनी एक लक्षात ठेवावं: जिल्हा वेगळा झाला १९९८ साली, त्यामुळे आजोबांच्या काळातली मूळ नोंद धुळ्याच्या दप्तरात असणार. परवानाधारक वारले असतील तर भागाचा विचार बाजूला ठेवा. रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावे आधी अर्ज करा.

मग रायफलीचं खरं नाव शोधा. ‘आजोबांची शिकारीची बंदूक’ म्हणून दुकानदाराला काहीच कळत नाही. (शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदच आहे. केळीत रानडुकरं शिरली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय चाप ओढायचा नाही.) आपल्याकडे .३१५ म्हटलं की बहुधा पश्चिम बंगालातल्या ईशापूर रायफल फॅक्टरीची. तिचा सांगाडा ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलीचा, काडतूस मात्र ८ बाय ५० मॅनलिखरचं, कारण .३०३ हा लष्करी बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. एखाद्या घरात इंग्रजांच्या काळात आलेली माउझर किंवा बीएसए निघते. तिचा शोध वेगळा आणि जास्त चिवट.

फडक्याला थोडं तेल लावून जुनं ग्रीस पुसा. अर्थात त्याआधी बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिटी, उघडून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. नळीच्या मुळाशी, कुंद्याजवळच्या लोखंडी भागावर आणि बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी ठसे दिसतील. त्यांचे उजेडात फोटो काढा. खराब झालेला भाग चौकटीच्या वहीवर ठेवून शेजारी पट्टी धरा आणि वरून एक, बाजूने एक असे फोटो घ्या. माझं अर्धं काम या दोन फोटोंनी केलं.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज. वरणगाव आणि भुसावळला आयुध निर्माणी आहेत, मग भाग तिथेच मिळेल, असं मलाही वाटायचं. वरणगावात काडतुसं बनतात, भुसावळात दारूगोळा ठेवायचे डबे. रायफलीशी त्यांचा संबंध नाही. ईशापूरचा कारखाना २०२१ पासून कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे, पण आपली वाट तिथेही थेट जात नाही, परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जाते. दुरुस्तीचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. सगळ्यांकडे तो नसतो.

लेथवाल्याकडे मात्र जाऊ नका. एमआयडीसीत ट्रॅक्टरचा कुठलाही भाग बनवून देणारे हात आहेत, मोह होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रच धरला आहे. विनापरवाना बनवला किंवा दुरुस्त केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं. सातपुड्याच्या सीमेवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, त्या रांगेत आपलं नाव कशाला? परदेशी संकेतस्थळावरून पार्सल मागवणंही याच कारणाने बाद. कुंदा तडकला असेल तरी रायफल सुताराकडे ठेवून येऊ नका, तिचा ताबा बिनपरवाना माणसाकडे देणं हाच गुन्हा.

आता कोणता भाग बदलता येतो ते. स्प्रिंगा, स्क्रू, रिकामं कवच ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन हे जुन्या मोडीत निघालेल्या रायफलीतून मिळू शकतात. स्क्रू बाजारातला बसवू पाहू नका. ली-एनफिल्डचे आटे मेट्रिक नाहीत. साधा स्क्रू दोन फेरे आत जातो, अडकतो, आणि जोर लावला की मूळ भोकाचे आटे खातो.

बोल्ट, बोल्टचं डोकं आणि नळी यांचं वेगळं. या काडतुसाच्या बुडाला कडा असते. ती कडा आणि बोल्टचं डोकं यांच्यातली फट ठरावीक हवी. जास्त झाली तर कवच फाटून गॅस मागे, थेट तोंडावर येतो. म्हणून बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का ते पाहायचं, आणि बदलला तर ती फट गेजने, म्हणजे मापाच्या साधनाने, मोजल्याशिवाय एकही फैर झाडायची नाही. दुकानदाराकडे गेज नसेल तर दुकान बदला.

कुंद्याची एक गोम आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या ली-एनफिल्डमध्ये मागचा कुंदा धरणाऱ्या लांब बोल्टचं (हा स्क्रूसारखा, खिटीचा नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला की चर्रकन आवाज येतो. लाकूड गेलं. एका गृहस्थांकडे मी तो आवाज ऐकला आहे.

माझं मॅगझिन शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातून निघालं. मी रायफल घेऊन गेलो नाही, परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते आधी पाहावं लागतं. फोटो पाठवले, आमच्या विक्रेत्याने तिकडच्या विक्रेत्याकडून मागवलं, बिलावर माझा परवाना क्रमांक घातला. मॅगझिन बसलं, पण दुसरं काडतूस तिरपं चढायचं. मॅगझिनच्या तोंडाच्या दोन्ही कडा किंचित वाकलेल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने डमी काडतुसं घालून, काढून, पुन्हा घालून तासभर त्या जुळवल्या. मी पैसे दिले ते पाचही डमी सरळ चढल्यावर.

आता जमा करताना पावतीवर मी उभ्या उभ्या लिहून घेतो: रायफल १, बोल्ट १ नंबरासह, मॅगझिन १, पट्टा १. हवालदार वैतागतात, पण लिहितात.