ॲक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताना

कंबर धरली, मान आखडली किंवा अर्धशिशीने पिच्छा पुरवला की घरात कोणीतरी म्हणतंच, "एकदा सुया टोचून बघ ना!" जरूर बघा. पण आधी दुखण्याचं निदान करून घ्या. कंबरदुखीसोबत पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर ॲक्युपंक्चरच्या वाटेला न जाता तडक हॉस्पिटल गाठा.

कोणाकडे जायचं? महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडे उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, हे फोनवरच विचारा. एका सिटिंगचे पैसे किती आणि साधारण किती सिटिंग्ज लागतील, हेही तेव्हाच विचारून घ्या. वीस सिटिंग्जचे पैसे आगाऊ मागितले तर माझा सल्ला स्पष्ट आहे: देऊ नका.

जायच्या दिवशी तास-दोन तास आधी थोडं खाऊन घ्या. उपाशीपोटी चक्कर येऊ शकते, म्हणून चतुर्थीच्या कडक उपवासाला अपॉइंटमेंट नको. बाही कोपराच्या आणि पायजमा गुडघ्याच्या वर सहज सरकेल असे सैल कपडे घाला. विरार किंवा कर्जत लोकलमधून लोंबकळत आला असाल, तर आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसा.

पहिली भेट बरीचशी बोलण्यातच जाते. झोप, भूक, पोट, पाळी, सगळं विचारतात. कोणी जीभ आणि नाडीही बघतात. इथे काहीही लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, पेसमेकर बसवला आहे, दिवस गेले आहेत किंवा जायची शक्यता आहे, हे न विचारता सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार टाळतात, आणि गरोदरपणात सुया टोचायचे काही बिंदू वर्ज्य मानतात.

आता सुया. इंजेक्शनच्या सुईसारख्या त्या पोकळ नसतात. भरीव आणि केसाहून जाड असल्या तरी बारीक, साधारण पाव मिलिमीटरच्या असतात. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. त्यावरची मुदत वाचा, आणि काढलेली सुई आरपार जाणार नाही अशा बंद डब्यात टाकतात का, तेही पाहा. "तुमच्याच सुया जपून ठेवू, पुढच्या वेळी वापरू," असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. एकदा वापरलेली सुई पुन्हा नाही. यात भिडस्तपणा करायचा नाही.

टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग त्या जागी जडपणा, झिणझिण्या किंवा बोथट ठणका येतो. तो अपेक्षित असतो. पण चटका बसल्यासारखी तीव्र कळ आली तर "डॉक्टर, ही सुई काढा" असं लगेच सांगा. दुखतंय कंबर आणि सुई गुडघ्याखाली, याने गोंधळून जाऊ नका. या पद्धतीत दूरचे बिंदूही वापरतात. सुया पंधरा ते तीस मिनिटं ठेवतात. तेवढा वेळ हालचाल टाळा. काहींना चक्क डुलकी लागते.

नंतर लगेच उठू नका. रक्ताचा थेंब किंवा छोटासा काळानिळा डाग चालतो. त्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटू शकतं, म्हणून शक्य असेल तर परतीच्या लोकलची गर्दीची वेळ टाळा. छाती किंवा खांद्याजवळ सुया टोचल्यावर काही तासांत धाप लागली किंवा छातीत कळ आली तर कॅज्युअल्टीत जा. फुप्फुसाला इजा होण्याचा प्रकार फार दुर्मीळ आहे, पण घडतो.

गुण येतोय का? चाचण्यांत नुसता टोचल्याचा आभास देणाऱ्या खोट्या सुयांशी तुलना केली की खऱ्या सुयांचा फायदा बऱ्याचदा थोडाच उरतो. त्यामुळे कर्करोग, मधुमेह बरा करण्याच्या दाव्यांना भुलू नका, आणि चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी काही औषधं लागू पडली नाहीत तर ब्रिटनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग्ज सुचवल्या होत्या. तेवढा अंदाज धरा. रोज रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते वहीत लिहा. पाच-सहा सिटिंग्जनंतरही आकडा हलला नसेल, तर वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि थांबायचं का, ते विचारा.